घडाभोवती एक फेरी

जळगावच्या एका कॉलेजात मुलाखतीला माझ्या सुनेला एक प्रश्न विचारला आणि तिचं उत्तर चुकलं. झालं एवढंच. पण घरी आल्यावर तिनं फिजिक्सची सगळी पुस्तकं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांमागे सारली, तेव्हा प्रकरण साधं नाही हे माझ्या लक्षात आलं.

प्रश्न असा होता. हायड्रोजनच्या अणूत सगळ्यात खालच्या पातळीवर जो इलेक्ट्रॉन असतो, त्याचा अँग्युलर मोमेंटम किती? मराठी पुस्तकात याला कोनीय संवेग म्हणतात. फिरणाऱ्या वस्तूच्या अंगी फिरण्याचा जो जोर असतो तो, असं ढोबळ धरून चाला. तिनं बारावीपासून तोंडात बसलेलं उत्तर दिलं, एच बाय टू पाय. समोरचे एक सर हसले. म्हणाले, "मॅडम, बारावीतून थेट इथंच आलात का? मधे एम.एस्सी. केलंय असं दिसतंय." मग बाकीचेही हसले. बरोबर उत्तर शून्य होतं.

शून्य तिला माहीत नव्हतं असं नाही. एम.एस्सी.ला तिनं तेच लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळाले होते. पण लिहिलेलं पटलेलं नव्हतं. अणूच्या मधे न्यूक्लियस, भोवती ठरलेल्या वाटेवरून फिरणारा इलेक्ट्रॉन, हे चित्र शाळेपासून डोक्यात असतं. तो फिरतो तर फिरण्याचा जोर शून्य कसा? पटलेलं नसलं की घाबरलेला माणूस जुनं पाठांतर बाहेर काढतो. तिनं तेच केलं.

आमचं घर सावद्याचं. केळीच्या बागा, पॅकिंगचं छोटं शेड, आणि माणसं चार. मी, माझा नवरा, मुलगा आणि सून. मीही जळगावहूनच बी.एस्सी. केलेलं, फिजिक्स घेऊन. त्याच वर्षी लग्न झालं आणि सावद्याला आले. पुढं शिकायचं राहिलं याचं दुःख वगैरे मी करत बसले नाही. बागेत काम पुष्कळ होतं आणि मला ते येत होतं. पण सून एम.एस्सी., बी.एड. होऊन घरात आली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की हिनं बागेत रिबिनी बांधत आयुष्य काढायचं नाही.

रिबिनी म्हणजे काय ते सांगते, कारण पुढं त्याचं काम आहे. कापणीच्या आदल्या दिवशी मी बागेत फिरते आणि जो घड कापायला तयार झाला असेल त्याच्या दांड्याला लाल रिबीन बांधते. दुसऱ्या दिवशी मजूर रिबीन बघून घड उतरवतात. सून माझ्याहून हातभर उंच. लग्न होऊन आली तेव्हापासून उंचावरच्या दांड्यांना तीच रिबिनी बांधायची. तोवर मी एक स्टूल घेऊन हिंडत असे. ती आली आणि ते स्टूल पंपाच्या खोलीत जाऊन पडलं.

जळगावच्या त्या मुलाखतीनंतर ती रोज माझ्याबरोबर बागेत यायला लागली. चांगलं काम करायची. तक्रार करायला जागा नव्हती आणि मला तेच नको होतं.

मग धुळ्याच्या एका कॉलेजची जाहिरात आली. फिजिक्स शिकवायला तासिका तत्त्वावर शिक्षक हवा होता. ती म्हणाली, "नको आई." मी मुलाला सांगितलं, "तू अर्ज भर." त्यानं भरला. काही दिवसांनी तिकडून निरोप आला की डेमो लेक्चर घ्यावं लागेल, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांसमोर थोडा वेळ वर्गात शिकवतो तसं शिकवून दाखवायचं, आणि विषय त्यांनीच दिला होता: ऑर्बिटलमधल्या इलेक्ट्रॉनचा अँग्युलर मोमेंटम.

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि त्या सगळ्या प्रकारानंतर पहिल्यांदा हसली. "बघा. माझा पिच्छाच सोडत नाही."

"मग तूही सोडू नको," मी म्हणाले.

नवरा जेवताना म्हणाला, "धुळ्याला गेली तर तिथंच राहावं लागेल तिला. रोजचं जाणं-येणं होणार नाही. मग बागेत तुझ्याबरोबर कोण?"

"तुम्ही," मी म्हणाले.

"मी?" त्यानं भाकरी मोडायची थांबवली.

दुपारी शेडमध्ये काम नसलं की तिची उजळणी सुरू झाली. पुस्तकं मात्र ती गाद्यांमागून काढेना. डोक्यातूनच बोलायची. मी समोर क्रेटवर बसायची. वर्गात मीच एकटी विद्यार्थिनी.

मला वाटलं उदाहरण दिलं की सोपं होईल. माझ्या माहेरी ज्वारी असायची आणि पाखरं हाकलायला आम्ही माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो. मी तिला सांगितलं, गोफण डोक्यावर फिरते, दोरी आखडली की वेग वाढतो, हाच अँग्युलर मोमेंटम.

"हो आई. पण त्यात धोंडा फिरतोय."

"मग?"

"इथं उत्तर शून्य आहे. गोफण फिरवून शून्य कसं येईल?"

दुसऱ्या दिवशी मी पंखा सांगितला, तिसऱ्या वेळी मिक्सर. मिक्सर ऐकून ती म्हणाली, "आई, तुमच्याकडं न फिरणारं काही आहे का?"

"तुझे सासरे," मी म्हणाले.

हसलो दोघी, पण अडलो तिथंच. इलेक्ट्रॉन फिरत नाही म्हणावं तर तो न्यूक्लियसवर जाऊन पडत का नाही? फिरतो म्हणावं तर शून्य कुठून आलं? मी जेवढी उदाहरणं देत होते ती सगळी गरगर फिरणारी, आणि प्रत्येक उदाहरणानं ती बारावीच्या त्याच चित्रात परत जाऊन अडकत होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटत होतं उदाहरण कमी पडतंय, अजून एक देऊ.

असं करता करता कापणी आली. आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिबिनी घेऊन बागेत शिरलो. माझी एक सवय आहे. घड समोरून कितीही भरलेला दिसू दे, मी झाडाला पूर्ण फेरी घातल्याशिवाय रिबीन बांधू देत नाही. मधे खोड येतं, वाळलेली पानं बाजूला सारावी लागतात, कपड्यांना चीक लागतो, पण फेरी घालायचीच. समोरची फणी, म्हणजे घडातला केळ्यांचा एक झुपका, हिरवीगार असते आणि उन्हाकडच्या बाजूला साल भाजून काळी पडलेली असते. व्यापारी नेमका तिकडूनच बघतो.

त्या दिवशी मी एका घडाला फेरी घालत होते आणि ती रिबीन हातात घेऊन वाट बघत उभी होती. बऱ्याच घडांनंतर कंटाळून म्हणाली, "आई, हा तरी चांगला आहे ना? किती गोल गोल फिरायचं."

"घड थोडाच फिरून दाखवणार आहे मला? मलाच फिरावं लागतं."

मी फेरी संपवून पुढच्या झाडाकडं निघाले तर ती जागची हललेली नव्हती.

"बांध ना गं रिबीन."

"आई, फिरतं कोण?"

"काय?"

"घड फिरत नाही. तुम्ही फिरता. आणि फिरताना तुम्ही बघता की बाजू बदलली की काही बदलतंय का." रिबीन तिनं स्वतःच्याच बोटाला गुंडाळली होती. "इकडं या जरा."

बांधाजवळ मजुरांसाठी पाण्याचा माठ ठेवलेला असतो, ओलं गोणपाट गुंडाळलेला. त्याच्यापाशी तिनं मला नेलं आणि वरचं गोणपाट काढलं. "याला फेरी घाला."

घातली.

"काय बदललं?"

"काय बदलणार? माठ आहे तो. सगळीकडून सारखाच."

"मग शून्य," ती म्हणाली. "माठ फिरतोय की थांबलाय, हा प्रश्नच नाही. त्याच्याभोवती जाताना काही बदलत नाही, म्हणून शून्य."

खुरपायला आलेल्या बायका बघत होत्या. एकीनं विचारलं, "काकू, माठाला कोणता नवस बोलला?"

"सुनेच्या नोकरीचा," मी म्हणाले. "तुम्ही खुरपा."

त्यानंतर तिनं मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. इलेक्ट्रॉन म्हणजे बारका गोटा नाही. तो लाटेसारखा पसरलेला असतो. लाट म्हटली की कुठं तिचा उंचवटा, कुठं खळगा. न्यूक्लियसच्या भोवती फेरी घालताना या लाटेत किती चढउतार लागतात, त्यावर त्याचा अँग्युलर मोमेंटम ठरतो. सगळ्यात खालच्या पातळीवरची लाट माठासारखी असते. आडवी फेरी घाला, उभी घाला, तिरकी घाला, फरक शून्य. लाटेच्या अशा आकारांना ऑर्बिटल म्हणतात, आणि त्यातल्या या आकाराला एस. पी नावाचा आकार असतो त्यात एका बाजूला उंचवटा, समोरच्या बाजूला खळगा आणि मधल्या पट्ट्यात काहीच नाही. तिथं फेरी घातली की एकदा वर, एकदा खाली. तिथं शून्य नाही. डी मध्ये हेच एका फेरीत दोनदा होतं, तिथला आकडा आणखी मोठा. इतकी वर्षं एस, पी, डी आणि शून्य, एक, दोन हे मी शेजारी शेजारी लिहिलेलं पाहिलं होतं. ते असं जोडलेलं असेल असं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मग पडत का नाही?" मी विचारलं.

तिनं गोणपाट परत माठाला गुंडाळलं. "ते बघायला लागेल."

घरी आल्यावर हातपाय धुऊन ती सरळ कपाटाकडं गेली. पलंगावर चढून तिनं गाद्या खाली ओढल्या, पुस्तकं काढली आणि तिथंच पलंगावर बसून वाचत राहिली. त्या दिवशीचा स्वयंपाक मी केला. गाद्या दोन दिवस जमिनीवर पडून होत्या, त्यांनाही मी हात लावला नाही.

मग घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मुलगा जेवताना म्हणाला, "म्हणजे सगळीकडून सारखं दिसतं ते एस. आमच्या बाबांचं डोकं."

नवऱ्यानं डोक्यावरून हात फिरवला. "मागं आहेत अजून थोडे."

"मग पी," सून म्हणाली आणि लगेच जीभ चावली. सासऱ्यांसमोर असं बोलायची तिची पहिलीच वेळ. नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, "हिला लवकर पाठव धुळ्याला." पण त्या दिवसापासून उजळणीला तोही येऊन बसायला लागला. शेवटच्या क्रेटवर बसायचा आणि झोपायचा. सून म्हणाली, खऱ्या वर्गासारखं वाटतं.

धुळ्याला तिच्याबरोबर मी गेले. मुलगा कापणीच्या गडबडीत होता. जळगावला बस बदलली तोवर ती ठीक होती. एरंडोल गेलं आणि तिचं बोलणं बंद झालं. पारोळ्याला एक म्हातारी चढली, आमच्या शेजारी बसली. थोडा वेळ तिनं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"हाई तुन्ही पोर शे का?"

"सून शे, अक्का," मी म्हणाले. तेवढी अहिराणी मला येते.

"कथा लई चालनी तिले?"

"धुळ्याला. कॉलेजात शिकवायच्या नोकरीसाठी."

"कितली शिकेल शे?"

"एम.एस्सी., बी.एड.," सून म्हणाली.

"म्हंजे बठ्ठंच." सगळंच, असं म्हणून म्हातारीनं मान हलवली. "मंग तोंड का बरं उतरेल शे?"

म्हातारीनं पिशवीतून शेंगा काढून सुनेच्या ओंजळीत घातल्या आणि खिडकीबाहेर बघत बसली. सुनेनं एकही खाल्ली नाही. थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, ते फेरीचं मी आज घेणार नाही. फॉर्म्युला लिहीन, तक्ता काढीन, दोन गणितं सोडवीन. वेळ संपेल. तिथं जास्त विचारलं आणि परत काही चुकलं तर..."

"बरं," मी म्हणाले. बसमध्ये वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण मला ते बरं वाटलं नव्हतं. तक्ता काय, कुणीही काढतं.

कॉलेजला सुट्टी होती. डेमोसाठी मुलं बोलावली होती, ती आलीच नव्हती. मुलाखत घेणारे तिघं होते. मधे बसलेल्या एक वयस्क मॅडम, त्या मुख्य असाव्यात. त्यांच्या एका बाजूला विभागाचे सर, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेले एक सर. रिकाम्या बाकांकडं बघून मॅडम शिपायाला म्हणाल्या, "उमेदवारांबरोबर आलेली माणसं आहेत ना बाहेर? त्यांना बसवा. भिंतींना काय शिकवायचं."

अशा रीतीनं आम्ही वर्गात बसलो. एका उमेदवाराचे वडील, एकीचा भाऊ, एकीची मावशी आणि मी. शिपायालाही बसवलं. मी तिसऱ्या बाकावर होते. आधीच्या एका मुलानं शिकवलं ते चांगलं होतं, फक्त तो आमच्याकडं न बघता सगळा वेळ फळ्याशी बोलत होता.

मग ती उभी राहिली. अक्षर तिचं सुंदर आहे. तक्ता काढला. एस, पी, डी, त्यांच्यापुढं शून्य, एक, दोन. वरती फॉर्म्युला. आवाज ठीक होता. पण शून्यावर आली आणि "एससाठी शून्य" एवढंच म्हणून पीकडं वळली. विहिरीच्या काठावरून जाताना अंग चोरून जावं तशी गेली. तिघांपैकी कुणी अडवलं नाही. बाहेरचे सर घड्याळ बघत होते.

मी हात वर केला.

तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मी हात खाली घेतला नाही. मधल्या मॅडम म्हणाल्या, "विद्यार्थ्यांची शंका आहे, बघा."

मी उभी राहिले. "मॅडम," मी माझ्या सुनेला म्हणाले, "शून्य म्हणजे तो इलेक्ट्रॉन फिरतच नाही का? आम्हाला तर बारावीत एच बाय टू पाय शिकवलंय."

खडू तिच्या हातात तसाच होता. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता, याबद्दल मला शंका नाही. मग ती म्हणाली, "आई, तशाच उभ्या राहा."

विभागाच्या सरांनी मान वर केली. "या तुमच्या आई?"

"सासूबाई, सर."

मावशी आणि शिपाई हसले. सर हसले नाहीत. "प्रश्न घरून ठरवून आणलाय का?"

"नाही सर," ती म्हणाली. "ठरवायचा असता तर मी हा घेतलाच नसता. जळगावला मला हाच विचारला होता आणि मी चुकले होते."

मधल्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग आता सांगा."

तिनं खडू ठेवला आणि बाकांच्या मधून माझ्यापर्यंत आली. माझ्याभोवती सावकाश एक फेरी घातली. "बघा. समोर चेहरा. इथं कान. मागं अंबाडा. परत कान, परत चेहरा. यांच्याभोवती जाताना बाजू बदलते तसं दिसणं बदलतं. आता..." तिनं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात स्टँडवर पाण्याचा माठ होता. "तो मधे आणता येईल का?"

"पाणी भरलंय मॅडम, सांडेल," शिपाई म्हणाला. पण उमेदवाराचे वडील आधीच उठले होते. दोघांनी मिळून माठ उचलून वर्गाच्या मधोमध आणून ठेवला. ती फेरी घालायला निघाली आणि थांबली.

माठाला तोटी होती.

आमच्या बागेतल्या माठाला तोटी नाही. वर्गातला माठ तिनं दुरून, बाजूनं पाहिला होता, तोटी दिसली नव्हती. मला वाटलं, संपलं. हात वर केल्याचा मला त्या क्षणी पश्चात्ताप झाला, हे खरं आहे.

ती तोटीकडं बघत होती. मग तिनं तोटीवर तळहात झाकून धरला. "ही नाही असं धरा. मग कुठूनही फेरी घाला, काही बदलत नाही. हा झाला एस. शून्य. इलेक्ट्रॉन थांबलाय म्हणून शून्य नाही. भोवती जाताना काही बदलत नाही, म्हणून शून्य." तिनं हात काढला. "आता तोटी आली. आता फेरी घालणाऱ्याला कळतं की आपण कुठल्या बाजूला आहोत. फरक आला की शून्य संपलं. बारावीत आपण गोटा फिरवत होतो. इथं गोटा नाही, लाट आहे. म्हणून ते उत्तर आता चालत नाही."

बाहेरच्या सरांनी घड्याळावरून नजर काढली. "तोटीचा माठ म्हणजे पी ऑर्बिटल का मॅडम?"

"नाही सर. तोटी फक्त फरक दाखवायला घेतली. पीमध्ये एका बाजूला लाट अधिक, समोर तेवढीच उणे, आणि मधल्या प्रतलात शून्य." तिनं फळ्यावर जाऊन आकृती काढली.

"बरं. आणि एसमध्ये फिरणं नाही, तर तो न्यूक्लियसमध्ये पडत का नाही?"

हा माझा माठाजवळचा प्रश्न. ती माझ्याकडं बघून अगदी थोडी हसली. "भोवती जाताना बदल नाही सर, पण आतून बाहेर जाताना आहे. लाट मधे दाट, बाहेर विरत जाणारी. ती मधे आणखी आवळायला गेलं की तो बदल तीव्र होतो आणि गतिज ऊर्जा वाढते. न्यूक्लियसची ओढ आणि हे वाढणं, जिथं दोघांचा मेळ बसतो तिथं अणूचा आकार ठरतो."

सरांनी मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "माठ जागेवर ठेवा कुणीतरी." मी अजून उभीच होते. बसायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

बाहेर रस्त्यावर चहाच्या टपरीशी आलो. कप हातात आल्यावर म्हणाली, "हात का वर केला?"

"शंका होती."

"उत्तर तुम्हाला माहीत होतं."

"मला होतं. तुला येतं हे त्यांना कुठं माहीत होतं?"

"आणि चुकले असते तर?"

"तर आधीची बस मिळाली असती."

ती हसता हसता रडायला लागली. टपरीवाला बघायला लागला, म्हणून मी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि पर्समधला रुमाल दिला. मग पर्स तपासली. म्हातारीनं दिलेल्या शेंगा तिनं माझ्याच पर्समध्ये टाकल्या होत्या. त्या आम्ही बस येईपर्यंत खाल्ल्या.

तिला तास मिळाले. मुलाखतीतल्या त्या मॅडमचाच फोन आला होता. मुलगा जाऊन खोली बघून आला. मी डबे भरून दिले, भांडी दिली, गाद्यांपैकी एक गादी दिली. ती शनिवारी संध्याकाळी येते आणि सोमवारी पहाटेच्या बसनं जाते. मुलगा मधे एखाद्या दिवशी तिकडं जाऊन येतो. शेजारपाजारच्या बायका विचारतात की असं कसं चालतं. चालतं.

पंपाच्या खोलीतलं स्टूल मी पुन्हा बाहेर काढलं. एक पाय डुगडुगत होता, तो ठोकून घेतला. नवरा दोनदा रिबिनी बांधायला आला. पण तो फेरी घालत नाही, समोरून बघूनच बांधतो. म्हणून मी त्याला पंपावर बसवते.

मागच्या कापणीच्या आदल्या दिवशी मी एका घडापाशी होते, स्टूल अजून टेकवलं नव्हतं, तेवढ्यात तिचा फोन आला. मागं मुलांचा गलका ऐकू येत होता.

"आई, आज एका मुलीनं तुमचा प्रश्न विचारला."

"मग?"

"तिला उभं केलं आणि तिच्याभोवती फेरी घातली. मग माठ आणवला. शिपाई म्हणतो, मॅडम, आता हा माठ मधेच ठेवतो कायमचा."

"कळलं का तिला?"

"कळलं वाटतं. पण तिनं आणखी एक विचारलं, ते मला आलं नाही. उद्या सांगते म्हणाले."

"घाबरलीस?"

"नाही," ती म्हणाली. घंटा झाली. "ठेवते आई. तुम्ही कुठं आहात?"

"बागेत."

"स्टुलावर नीट उभ्या राहा."

मी फोन ठेवला. फेरी अर्धी राहिली होती. पानं बाजूला सारून मी पलीकडं गेले. उन्हाकडच्या बाजूच्या दोन फण्या भाजल्या होत्या. रिबीन न बांधता स्टूल उचललं आणि पुढच्या झाडाशी गेले.